लाली नाही

माझ्या बाबांचे पाय बघण्यासारखे होते. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर म्हणून उभा जन्म कालव्याच्या कडेने चालण्यात गेला, त्यामुळे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही पिंढऱ्या अशा की तरण्या पोरांनी लाजावं. आमच्याकडे शिकागोजवळ नेपरव्हिलला कायमचे राहायला आले तरी सवय सुटली नाही. घरामागच्या तळ्याला रोज तीन फेऱ्या, मग थंडी असो की वारा. आई म्हणायची, "अहो, इथे कुणी पाणी चोरत नाही, कशाला पाहणी करत फिरता?" तरी ते जायचेच.

त्या पायांच्या मुळावर आले ते बूट. स्नोमध्ये घसरू नयेत म्हणून मीच हौसेने नवे बूट आणले होते आणि डावा जरा घट्ट होता. बाबांना वीस वर्षांचा डायबेटिस, तळपायांना फारसं कळत नाही. करंगळीखाली फोड आला, फुटला, चिघळला, आणि आम्हाला पत्ता लागला तो मोजा रक्ताने चिकटला तेव्हा. हॉस्पिटलमध्ये सहा दिवस काढले. घरी सोडताना सर्जनने मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, जखम नीट भरली तर पाय राहील. पुन्हा इन्फेक्शन झालं आणि उशिरा कळलं, तर पाय काढावा लागेल. म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार घरी नर्स येईल, ड्रेसिंग करेल आणि लक्ष ठेवेल. मी "हो, हो" म्हणून कागदांवर सह्या केल्या.

पहिली नर्स आली ती काळी होती. आमच्या मराठी घरांमध्ये गोऱ्यांना मोठ्याने गोरे म्हणतात आणि काळ्यांबद्दल बोलताना आवाज खाली आणून नुसतं 'ते लोक' म्हणतात, जणू त्यांना भिंतीपलीकडून मराठी कळणार आहे. ही बाई पंचावन्नच्या पुढची, उंच, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. शिकागोच्या दक्षिणेकडून दीड तास ड्राइव्ह करून यायची. दारातच बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवायची, हात कोपरापर्यंत धुवायची आणि मगच बाबांच्या खोलीत जायची. ती बाबांना 'सर' म्हणायची आणि बाबा तिला 'सिस्टर'. रिटायर झाल्यापासून त्यांना 'सर' कुणी म्हटलं नव्हतं, त्यामुळे स्वारी खुशीत असायची.

तिची काम करायची एक रीत होती. ड्रेसिंग सोडलं की ती पायाकडे लगेच बघायचीच नाही. आधी हाताची उलटी बाजू डाव्या पायावर ठेवायची, मग उजव्या पायावर, पुन्हा डाव्यावर. करंगळीपासून घोट्यापर्यंत असं चाचपत जायची. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तिने मला बोलावलं, माझा हात धरून तसंच करायला लावलं. म्हणाली, "तुमच्या-माझ्यासारख्या कातडीवर इन्फेक्शनची लाली दिसत नाही. पुस्तकांमध्ये सगळे पाय गुलाबी असतात. आपल्याकडे तो भाग नुसता जरा जास्त काळपट होतो, ताणल्यासारखा चकाकतो, आणि गरम लागतो. लाल व्हायची वाट बघत बसलात तर उशीर झालेलाच असतो. हाताने बघायचं." सत्तावीस वर्षं हे काम करत होती ती. मला मनापासून पटलं.

हे मी आईला मराठीत सांगितलं तर आईचा पारा चढला. "तुमच्या-माझ्यासारखी म्हणजे? आपण काय काळे आहोत?"

आता काय बोलणार? माझी आई चांगली सावळी आहे. लग्नाच्या वेळी तिला 'निमगोरी' म्हणून खपवली होती असं तिच्याच मावश्या हसत सांगायच्या. मला आयुष्यभर डाळीचं पीठ आणि साय फासून फासून तिने दमवलं. पण इथे येऊन बारा वर्षं झाली, नातवंडं गोऱ्या शाळेत गेली, आणि बाईसाहेब मनातल्या मनात गोऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसल्या. काळी नर्स आपल्याला 'आपल्यातली' समजते, हाच तिला अपमान वाटला.

मग सुरू झाले नाटकी प्रकार. नर्ससाठी खुर्चीवर जुनी चादर टाकायची आणि ती गेली की थेट मशीनमध्ये. चहा द्यायचा, कारण द्यायला हवा, पण कागदी कपात. घरात बारा-बारा मग टांगलेले असताना! माझ्या आजोळी गड्याची कपबशी मागच्या दारी पालथी घातलेली असायची, ती मी लहानपणी पाहिली होती आणि मोठी झाल्यावर त्यावर तावातावाने बोललेही होते. आता माझ्या किचनमध्ये, माझ्या नाकासमोर तेच चाललं होतं आणि मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये माना डोलावत होते. म्हातारं माणूस आहे, आता कुठे बदलणार, असं म्हणून मी सोडून दिलं. शी! किती सोयीचं असतं हे वाक्य. आईचं वय पुढे केलं की माझं स्वतःचं काहीच दिसत नाही.

कारण खरं सांगायचं तर मलाही ती बाई आपल्या घरात जरा खटकतच होती. कामात खोट काढायला जागा नव्हती. पण शेजारी बघतील, ड्राइव्हवेमध्ये तिची जुनी, दाराला पोचे आलेली गाडी उभी असते, असलं काहीतरी फालतू माझ्याही डोक्यात असायचं. आईने ते बोलून दाखवलं आणि मी ते सुशिक्षितपणाने गिळलं, एवढाच फरक.

एप्रिलमध्ये आईने चैत्रगौरीचं हळदीकुंकू ठेवलं, आणि ठेवलं तेही शुक्रवारी. हॉलमध्ये गौर मांडलेली, कलिंगड कापून कमळं केलेली, पन्ह्याचे ग्लास भरलेले. पंचवीसेक बायका साड्या नेसून जमल्या होत्या आणि चार वाजता नर्स आली. खोलीत जायची वाट हॉलमधूनच होती. गौरीपुढे ती क्षणभर थांबली, हात मागे बांधून वाकून बघितलं आणि "किती सुंदर" म्हणाली. आईने झटकन नैवेद्याचं ताट उचलून पलीकडे ठेवलं. मी हसले, कारण काहीतरी करायला हवं होतं.

ती आत गेल्यावर आमच्या मराठी मंडळातल्या एक काकू माझ्या कानाशी लागल्या. "अगं, बदलून का घेत नाहीस? आमच्या ह्यांच्या ऑपरेशननंतर गोरी यायची, एकदम नीट. एक फोन करायचा. त्यांना कळतं सगळं, कारण सांगावं लागत नाही." आई शेजारीच होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू काकूंनी साखरच वाटली.

तेवढ्यात आतून नर्सने मला हाक मारली. मी हातात पन्ह्याचा जग घेऊनच गेले. ती म्हणाली, "बाहेरच्या कडेला आज मला गरम लागतंय. थोडंच आहे. डॉक्टरांच्या ऑफिसात मी निरोप ठेवते. सोमवारी आल्यावर पहिल्यांदा हेच बघणार आहे, वाढलं असेल तर मी स्वतः तुम्हाला तिकडे पाठवीन." मी "ओके, ओके, थँक यू" म्हणून बाहेर पळाले, कारण बायका खोळंबल्या होत्या. जाताना ती बाबांना म्हणाली, "सोमवारी भेटू, सर."

शनिवारी सकाळी मी नर्स पाठवणाऱ्या एजन्सीला फोन केला. आईने आग्रह केला होता हे खरं, पण फोन माझ्या हातात होता आणि तोंडही माझंच होतं. नवरा बाहेर गेला होता, बाबा पलीकडच्या खोलीत आरामखुर्चीत डुलक्या घेत होते. मी माझ्या अगदी ऑफिसच्या इंग्लिशमध्ये सांगितलं की आईवडिलांना तिचं बोलणं समजत नाही, कम्युनिकेशनचा प्रॉब्लेम होतोय, दुसरी कुणी मिळेल का. धडधडीत खोटं! बाबांना तिचं बोलणं माझ्या मुलांच्या बोलण्यापेक्षा जास्त कळायचं. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "आम्ही पूर्ण समजू शकतो." एकही प्रश्न विचारला नाही. तिला काय समजलंय ते मला समजलं, आणि मला समजलंय हे तिलाही. दोन मिनिटांत काम झालं. असले फोन तिला रोज येत असणार, इतकी ती सराईत होती.

डॉक्टरांच्या ऑफिसातून काही फोन आला नाही, मीही केला नाही. सोमवारी नवी नर्स आली. पंचविशीतली, सोनेरी पोनीटेल, हसरी, लाघवी मुलगी. आई हरखलीच. चादर नाही, काही नाही. पाहुण्यांचे मग निघाले, शुक्रवारची उरलेली आंब्याची डाळ निघाली, आणि त्या पोरीने चमचाभर खाऊन "ओ माय गॉड" म्हटल्यावर आईला स्वर्ग दोन बोटं उरला. वर हळदीकुंकू लावून, ओटीत नारळ घातला. जिने पाय सांभाळला तिला कागदी कप, आणि ही आल्या आल्या सवाष्ण!

त्या मुलीत वाईटपणा नव्हता, हेही सांगायला हवं. तिने ड्रेसिंग सोडलं, पायाकडे बघितलं, पुन्हा बघितलं आणि टॅबलेटवर टाइप केलं. मी म्हटलं, आधीच्या नर्सला बाहेरची कडा गरम वाटली होती. तिने ग्लव्ह घातलेलं बोट टेकवलं आणि म्हणाली, "लाली तर नाहीये. रंग एकसारखाच आहे. त्यांची स्किन मुळातच डार्क आहे ना." तिला शिकवलेले पाय सगळे गुलाबी होते. आणि मी? मला हात धरून शिकवलेलं होतं. मी पुढे होऊन दोन्ही पायांना उलटा हात लावायचा, एवढंच तर होतं. नाही लावला. गोरी म्हणतेय म्हणजे ठीक असणार, असं वाटून मला उलट हायसंच वाटलं. बुधवारी लाली नाही. शुक्रवारी लाली नाही.

शनिवारी दुपारी जेवताना बाबांना हुडहुडी भरली. घास तोंडापर्यंत जाईना. मग असंबद्ध बोलायला लागले, कुणाला तरी कालव्याचं दार खाली करायला सांगत होते. आम्ही इमर्जन्सीत नेलं. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर आदल्या दिवशीची नोंद वाचली, लाली नाही, आणि आम्हाला वेटिंगमध्ये बसवलं. आमच्यानंतर मनगट मुरगळलेला एक गोरा मुलगा आला, तो आमच्या आधी आत गेला. चार तास! मी तीनदा काउंटरवर गेले. तिसऱ्यांदा तिथली बाई म्हणाली, "मॅम, आवाज खाली ठेवा." मी आवाज चढवलाच नव्हता, नुसतं विचारलं होतं.

शेवटी डॉक्टर आला. त्याने पायाकडे बघून मला विचारलं, "हा पाय नेहमी एवढाच काळा असतो का?" मी म्हटलं, नाही. मग म्हणाला, "तुमच्या लोकांमध्ये शुगर फार असते. भात खूप खाता ना तुम्ही? गोळ्या वेळेवर घेतात का हे?" बाबा तापाने फणफणलेले, शुद्ध अर्धी गेलेली, आणि हा माझ्याकडे आमच्या भाताचा हिशोब मागतोय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या क्षणी मला त्या माणसाची इतकी किळस आली की त्याच्या पेनाकडेसुद्धा बघवेना. त्याने अजून पायाला हात लावला नव्हता.

इन्फेक्शन हाडात आणि रक्तात गेलं होतं. तोच सर्जन आला. "उशिरा कळलं," एवढंच म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा डावा पाय गुडघ्याखाली काढला.

तिसऱ्या दिवशी बाबांनी स्वतःच चादर वर करून बघितलं. मग आईकडे वळून म्हणाले, "चला, तुझं मोजे धुवायचं काम निम्मं झालं." आई तोंडाला पदर लावून बाहेर गेली. मी तिथेच उभी राहिले आणि मनात म्हटलं, सोडणार नाही एकेकाला.

आणि खरंच सोडलं नाही. मी सगळी कागदपत्रं मागवली. त्यात पहिल्या नर्सची शेवटची नोंद होती: डाव्या पायाची बाहेरची कडा दुसऱ्या पायापेक्षा गरम, कातडी ताणलेली, डॉक्टरांच्या ऑफिसात निरोप ठेवला, सोमवारी आधी हेच तपासणे. तिच्याखालीच पुढची ओळ होती: कुटुंबाच्या विनंतीवरून नर्स बदलली. ती ओळ मी दोनदा वाचली. मग मी ते पान बाजूला ठेवलं आणि तक्रार लिहायला बसले.

चांगली लिहिली. सावळ्या कातडीवर इन्फेक्शन कसं ओळखायचं हे तुमच्या नर्सला शिकवलेलं नाही, नोंद असूनही दुर्लक्ष झालं, हॉस्पिटलमध्ये चार तास बसवलं, डॉक्टरने आमच्या खाण्यावर शेरे मारले. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. वर्णभेद हा शब्द मी चार वेळा वापरला. पण पहिली नर्स का गेली, हे कुठेच लिहिलं नाही. एजन्सीचं उत्तर आलं. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली, त्या मुलीला पुन्हा ट्रेनिंग देऊ म्हणाले, सगळ्यांनाच देऊ म्हणाले. माझ्या फोनचा उल्लेख त्यांनीही टाळला, कारण तो काढला असता तर त्यांनीही तो मुकाट्याने ऐकला होता हे निघालं असतं. न बोलता आमचं छान जमलं. चोर चोर मावसभाऊ.

ही बातमी मंडळात गेली. गणपतीनंतर आरोग्य शिबिर होतं, तिथे मला बोलायला बोलावलं. मी काठापदराची साडी नेसून गेले आणि एका शाळेच्या जिममध्ये दोनशे मराठी माणसांसमोर वीस मिनिटं बोलले. आपल्या रंगामुळे आपल्याला कसं वागवतात, आपली कातडी त्यांना वाचता येत नाही, गप्प बसू नका, प्रश्न विचारा. हाताने कसं बघायचं तेही करून दाखवलं. कुणाकडून शिकले ते सांगितलं नाही. 'एका अनुभवी नर्सने' एवढंच म्हटलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्याच काकूंनी मला मिठी मारली आणि डोळे पुसत म्हणाल्या, "किती रेसिस्ट असतात ना गं हे लोक!" मी म्हटलं, "हो ना, काकू." आज हे लिहिताना तोंडात कडू आल्यासारखं होतं. त्या दिवशी मात्र आलं नाही. त्या दिवशी मला बरं वाटत होतं.

परत येताना बाबा पुढे माझ्याशेजारी बसले होते, व्हीलचेअर घडी करून मागे ठेवली होती, आई मागच्या सीटवर. आई माझं कौतुक करत होती. कशी खणखणीत बोललीस, एकेकाची कशी जिरवलीस. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बाबा म्हणाले, "सिस्टरचं नाही सांगितलंस."

मी म्हटलं, "सांगितलं की बाबा. अनुभवी नर्स म्हटलं."

"ते नव्हे. तू फोन केलास ते."

मला वाटत होतं त्यांना माहीतच नाही. हॉस्पिटलमध्ये एकदा त्यांनी विचारलं होतं, ती पहिली सिस्टर का येईनाशी झाली, आणि मी तिची ड्युटी बदलली असं ठोकून दिलं होतं. ते तेव्हा नुसतं "बरं" म्हणाले होते.

"मी जागा होतो," ते म्हणाले. "कम्युनिकेशनचा प्रॉब्लेम म्हणालीस तू."

मी काहीतरी बोलायला गेले. बाबा, माझं चुकलं, आईनेच, म्हणजे मीच, असं काहीतरी तुटक. त्यांनी हात वर केला, ऑफिसात एखाद्या हाताखालच्या माणसाला थांबवावं तसा.

"तुला बोलत नाहीये. मी ऐकलं आणि गप्प बसलो. एवढा तिच्या हाताचा गुण, मला तो कळत होता. तरी मनात आलं, गोरी येतेय तर येऊ दे. जास्त शिकलेली असेल."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. बाबांनी काचेबाहेर बघत, जिथे पाय नव्हता तिथली पँट नीट केली आणि म्हणाले, "तुम्हा दोघींचं राहू दे गं. पाय माझा होता. मी तरी नको म्हणायला हवं होतं."